टोचणीचा हिशेब

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने निवृत्तीच्या पैशांतून येवल्याची हातमागावरची पैठणी घेतली. किंमत 42,000 रुपये. चळवळीत तिची पस्तीस वर्षे गेली आहेत. शिबिरे, मोर्चे, घरकामगार स्त्रियांची संघटना, दुष्काळातील चारा छावण्यांवरचे काम, यांपैकी काही तिने चुकविलेले नाही. तिचे लग्न नोंदणी पद्धतीने, खादीच्या साडीत झाले आणि त्याचा तिला आजही अभिमान आहे. तरीही आपली एक पैठणी असावी ही इच्छा मनाच्या कोपऱ्यात राहून गेली होती. ती पुरी झाली त्या रात्री तिला झोप लागली नाही. घरी तिने किंमत 15,000 सांगितली. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या निधीला 2,000 रुपये पाठविले. पैठणी कपाटात गेली ती अद्याप बाहेर निघालेली नाही. संघटनेतल्या एखाद्या घरकामगार बाईला एवढी रक्कम मिळवावयास किती महिने लागतील, हा हिशेब मात्र तिने मनाशी शंभरदा केला आहे.

अशी माणसे चळवळीच्या परिघात शेकड्यांनी सापडतील. वस्तू तेवढी बदलते. कोणाची मोटार असते, कोणाचा परदेशचा प्रवास, कोणाचे घरात बसविलेले नवे स्वयंपाकघर. खर्च स्वकष्टाच्या पैशांतून झालेला असतो. त्यासाठी कोणाला लुबाडलेले नसते. तरी मन खाते. या टोचणीचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा मामला मानला जातो. वस्तुतः तो तसा नाही.

टोचणी आली कोठून?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या टोचणीची टिंगल करण्याचे कारण नाही. आजचा बाजार तिची रात्रंदिवस टिंगल करीतच असतो. ‘स्वतःचे लाड करा, तुमचा तो हक्कच आहे’ असे तो सांगतो, आणि ज्याच्या मनाला काहीच टोचत नाही अशा गिऱ्हाइकाची वाट पाहतो. टोचणी लागणारा माणूस निदान एवढे तरी जाणतो की त्याच्या खिशातील रुपया आणि शेजारच्या वस्तीतील उपाशी पोट यांचा काही संबंध आहे. ही जाणीव म्हणजे समाजवादाची बाराखडी होय. ती पुसली गेली तर पुढचे काहीच लिहिता यावयाचे नाही.

शिवाय या टोचणीला एक मानाचा वारसा आहे. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळ ज्यांनी उभी केली ती माणसे साधेपणाने जगली, आणि त्यामागे केवळ व्रतस्थ वृत्ती नव्हती. चळवळ चालत होती ती गिरणी कामगाराच्या, शेतमजुराच्या, शिक्षकाच्या चार-आठ आण्यांवर. ज्याचा चहासुद्धा लोकांच्या पैशांतून येतो त्याने प्रत्येक आण्याचा जाब दिला पाहिजे, हा त्यामागचा रोकडा विचार होता. मधू लिमये यांनी स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन नाकारले, माजी खासदाराचेही नाकारले. सार्वजनिक पैसा आणि खाजगी सुख यांच्यामधली रेषा किती काटेकोर असू शकते याचा तो वस्तुपाठ होता.

पण येथेच एक गफलत झाली. सार्वजनिक पैशाविषयीचा हा दंडक पुढच्या पिढ्यांनी स्वतःच्या घामाच्या पैशालाही लावला. आणि लावताना त्यातला विचार गळून पडला, उरली ती केवळ हुरहूर. विचार सुटलेली हुरहूर चुकीचा हिशेब करू लागते. तो हिशेब कोठे चुकतो हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

महाग ते पाप, स्वस्त ते पुण्य?

पहिली चूक अशी की टोचणी फक्त किमतीकडे पाहते. 42,000 हा आकडा डोळ्यांत खुपतो. परंतु ती पैठणी हातमागावर विणणाऱ्या विणकराचे कित्येक आठवडे त्या आकड्यात आहेत, हे तिला दिसत नाही. तीच शिक्षिका यंत्रमागावरची नकली पैठणी दोन हजारांत घेती तर शांत झोपली असती. पण अनेक यंत्रमागांवर कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, मजुरी नगावर मिळते, आजारपणाच्या दिवसाचा पैसा मिळत नाही. स्वस्त वस्तू स्वस्त का असते, याचे उत्तर पुष्कळदा असे असते की तिच्या किमतीतला एक भाग कोणीतरी दुसऱ्यानेच, आपल्या अंगावर, आधी चुकता केलेला असतो.

24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तीत तयार कपड्यांचे कारखाने होते. भिंतींना भेगा पडल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. तरीही कामगारांना कामावर बोलाविण्यात आले. अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. जगभरच्या दुकानांतून विकले जाणारे स्वस्त सदरे त्या कारखान्यांत शिवले जात. असा सदरा विकत घेऊन कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. महाग वस्तूची टोचणी लागते, स्वस्त वस्तूची लागत नाही. आणि अन्याय मात्र बऱ्याच वेळा स्वस्त वस्तूतच दडलेला असतो.

हा विचार नवा नाही. 1935 साली अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामागे गांधीजींचा आग्रह होता. मजुरी वाढली की खादी महागणार आणि गिऱ्हाईक कमी होणार, हे संघातील मंडळींना कळत नव्हते असे नाही. पण कातणारीच्या पोटाला चिमटा घेऊन विकलेली स्वस्त खादी ही खादी नव्हे, असा तो निर्णय होता. साधी राहणी म्हणजे कमी पैशांची राहणी नव्हे; दुसऱ्याच्या श्रमाचे मोल न बुडविणारी राहणी, हा साधेपणाचा अर्थ तेव्हा तरी स्पष्ट होता.

अर्थात पैठणीच्या 42,000 पैकी विणकराच्या हाती किती पडले आणि सावकार-व्यापाऱ्याच्या पेढीवर किती राहिले, हा प्रश्न उरतोच. किंबहुना खरा प्रश्न तोच आहे. पण रात्रभर तळमळणाऱ्या त्या शिक्षिकेला नेमका तोच सुचला नाही. पैसे फार गेले, एवढेच तिला छळीत राहिले. ते कोणाकडे गेले हे विचारावेसे वाटले नाही.

टोचते कोणाला?

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. टोचणीचे वाटप समाजात समान नाही. ज्याच्यापाशी अमाप आहे त्याला ती शिवत नाही. ज्याच्यापाशी बेताचे आहे त्याला ती पोखरते. कोट्यवधी रुपये उधळून लग्नसोहळे करणाऱ्यांना झोप लागते आणि एक साडी घेणारी शिक्षिका जागी राहते. मनाच्या बोचणीवर समता उभारावयाची ठरविली तर तिचा सगळा भार प्रामाणिक मध्यमवर्गीयावर आणि गरिबावर पडेल, धनिक मोकळाच राहील.

घरातही हेच घडते. नवऱ्याने मोटारसायकल घेतली तर ती घराची गरज असते. बायकोने स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी काही घेतले तर ती चैन होते. बाईला हे कोणी सांगावेही लागत नाही. ती स्वतःच स्वतःला सांगते. शिळे आधी स्वतः खायचे, नवे शेवटी घ्यायचे, ही शिकवण लहानपणापासून तिच्या अंगी मुरविलेली असते. मग ती ज्याला समाजवादी विवेक म्हणते त्यातला किती भाग विवेकाचा आणि किती भाग हजार वर्षांच्या दडपणाचा, हे तिचे तिलाही सांगता येत नाही. किंमत 15,000 सांगण्यामागे गरिबांची आठवण होती की घरच्यांचा धाक, हा प्रश्न तिने स्वतःला विचारून पाहण्याजोगा आहे.

जातीचा विचार केला की हे आणखी उघडे पडते. या देशात कोट्यवधी माणसांना चांगले वस्त्र, सोन्याचे दागिने, पायांत वहाणा यांची रूढीने बंदी होती. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांसमोर भाषण केले, तेव्हा त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण पटविणारे दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे सांगितले. वस्त्र हा तेथे चैनीचा विषय नव्हता, माणूसपणाचा होता. स्वतः बाबासाहेबांनी पुस्तकांवर अतोनात खर्च केला आणि ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. त्या खर्चाचा त्यांनी संकोच बाळगला असता तर नुकसान कोणाचे झाले असते? ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके सर्व काही मिळाले त्यांचा त्याग आणि ज्यांना काहीच मिळू दिले गेले नाही त्यांचा पहिला उपभोग, हे दोन्ही एकाच तराजूत तोलणे म्हणजे साधेपणाच्या नावाखाली जुनी बंदीच पुन्हा लादणे होय. घरात पहिल्यांदाच पगार आणणाऱ्या तरुणाने चांगले बूट घेतले म्हणून शाखेत त्याच्याकडे तिरके पाहिले जाते, तेव्हा नेमके हेच घडत असते.

मनाची बोचणी आणि पाच पैशांचे तिकीट

तिसरी चूक परिणामाची. टोचणीतून काय निष्पन्न होते? शिक्षिकेने 2,000 रुपये पाठविले आणि तिला थोडे हलके वाटले. हिशेब मिटला. ती रक्कम निरर्थक होती असे नव्हे. परंतु देणाऱ्याचे मन हलके होणे हे ज्या देणगीचे प्रयोजन असते, ती देणगी मन हलके झाले की थांबते.

1971 साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्या प्रसंगाने हलून जाऊन पीटर सिंगर या तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. तो 1972 साली प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर शिकविला जातो. डोळ्यांसमोर तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही. मग दूर देशी मरणाऱ्या मुलासाठी नव्या कपड्यांचे पैसे देणे हेही कर्तव्यच ठरते, त्याला दानधर्म म्हणता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि ज्याने तो वाचला त्याला नवे कपडे घेताना टोचणी लागल्यावाचून राहत नाही. पण त्यात कर्तव्य येऊन पडते ते एकेकट्या माणसावर, त्याच्या एकेकट्या विवेकावर.

त्याच सुमारास भारतात दुसरी एक गोष्ट घडली. नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. पत्र पाठविणाऱ्याला मनाशी झगडावे लागले नाही, रात्र जागून काढावी लागली नाही. त्याने पाच पैसे दिले आणि देशातील इतर लाखो पत्रलेखकांनीही दिले. एकाच्या बोचणीने जे कधीच झाले नसते त्यातला काही वाटा सर्वांच्या पाच पैशांनी उचलला. समाजवादी विचाराची जागा तत्त्वज्ञाच्या तळ्याकाठी कमी आणि त्या तिकिटापाशी अधिक आहे.

महाराष्ट्राने तर याहून मोठा धडा घालून दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात 1965 साली सुरू झालेला प्रयोग 1972-73 च्या दुष्काळात राज्यभर पसरला. डाव्या व समाजवादी पक्षांनी, शेतमजुरांच्या मोर्चांनी तो उचलून धरला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? 1975 साली राज्याने व्यवसाय कर बसविला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा लहानशी रक्कम कापली जावयाची, तितकीच रक्कम राज्याने घालावयाची, आणि दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम द्यावयाचे. मुंबई-पुण्याच्या कारकुनाला खडी फोडणाऱ्या बाईची आठवण होवो वा न होवो, त्याचा वाटा तिच्यापर्यंत पोहोचत होता. केंद्राने 2005 साली देशभरासाठी असा कायदा केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

आज त्या कराची स्थिती काय आहे? राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती 1988 सालच्या साठाव्या घटनादुरुस्तीने ठरली आणि तेथेच थिजली. महिना 30,000 मिळविणारा कारकून वर्षाला 2,500 देतो. महिना 30 लाख मिळविणारा अधिकारीही 2,500 च देतो. साडीच्या किमतीने ज्यांची झोप उडते त्यांच्यापैकी किती जणांची झोप या आकड्याने उडाली आहे?

खर्चाची मर्यादा कोणासाठी?

डॉ. राममनोहर लोहिया 1963 साली फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत निवडून येऊन लोकसभेत गेले. त्यांनी तेथे हिशेब मांडला की सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतो. तीन आणे नव्हे, पंधरा आणे, असे सरकारचे उत्तर होते. त्या वादाने देश ढवळून निघाला. लोहियांनी कोणाला ‘तुम्हांला लाज वाटत नाही का’ एवढेच विचारून प्रश्न सोडला नाही. त्यांनी आकडे मांडले, आणि वैयक्तिक खर्चावर कायद्याने कमाल मर्यादा हवी ही मागणी पुढे ठेवली. खर्च ही त्यांच्या लेखी राजकारणाची बाब होती, कबुलीजबाबाची नव्हती.

ही मागणी स्वप्नाळू होती असेही नाही. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून भारताने 1957 साली व्यय कराचा कायदा केलाच होता. मोठा वैयक्तिक खर्च करणाऱ्यावर कर बसविण्याचा तो प्रयोग 1962 साली गुंडाळला गेला, 1964 साली परत आणला गेला आणि 1966 साली पुन्हा मोडीत निघाला. त्याच सुमारास आलेला संपत्ती कर 2015 सालच्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. उलट 2017 साली आलेला वस्तू व सेवा कर खरेदी करणाऱ्या प्रत्येकाकडून वसूल होतो. एकाच साबणाच्या वडीवर शेतमजूर आणि कारखानदार सारखाच कर भरतात. धनिकाच्या खर्चावरची सरकारी टोचणी एकामागून एक काढून टाकली गेली. सामान्य माणसाच्या मनातली मात्र तशीच राहिली.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की ही तर पळवाट झाली. कायदा होईपर्यंत कार्यकर्त्याने हवे ते करावे, असा याचा अर्थ होईल. तसा अर्थ मुळीच नाही. शेजाऱ्याला दिपविण्यासाठी केलेला खर्च, कर्ज काढून केलेला लग्नाचा थाट, इतरांना कधीच परवडू नये म्हणूनच हवीशी वाटणारी वस्तू, यांचे समर्थन कोणत्याही समाजवाद्याला करता येणार नाही. कार्यकर्त्याने मर्यादा पाळलीच पाहिजे. पण ती मर्यादा विचारपूर्वक आखलेली, चारचौघांत सांगता येणारी असावी; भीतीने आणि लपवाछपवीने पाळली जाणारी नसावी.

लपवाछपवीने चळवळीचे जे नुकसान झाले आहे ते मोजले गेलेले नाही. किती तरी चांगली माणसे वैचारिक मतभेदांमुळे दूर गेली नाहीत. त्यांनी घर बांधले, मोटार घेतली, आणि मोटारीतून बैठकीला जाण्याचा संकोच वाटू लागला. प्रथम ती मोटार लांब उभी करून चालत येत. मग येईनाशी झाली. पुढे त्याच माणसांना आपण मुळात तेथे गेलोच का होतो, असे वाटू लागले. लाजेने दूर गेलेला माणूस फार काळ लाजत राहत नाही. काही दिवसांनी तो ज्यांची लाज वाटत होती त्यांच्यावरच रागावू लागतो.

यासाठी शाखांनी हा विषय उघडपणे चर्चेला घेतला पाहिजे. मोठ्या खर्चाविषयी तीन प्रश्न पुरेसे आहेत. या वस्तूत कोणाचे श्रम आहेत आणि त्यांना मोल मिळाले का? ही वस्तू गरजेची, आनंदाची की केवळ मिरविण्याची? आणि सार्वजनिक कामाचा वाटा या खर्चाआधी बाजूला काढला होता का? तिसरा प्रश्न सर्वांत व्यवहार्य आहे. सभासद वर्गणी सर्वांना सारखी न ठेवता उत्पन्नाच्या ठराविक प्रमाणात ठरवावी आणि ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. मग उरलेल्या पैशांचा जाब कोणी कोणाला विचारू नये, स्वतःलाही नाही. आणि ज्या शाखा हे करतील त्यांनाच व्यवसाय कराची कमाल मर्यादा उठवा, संपत्ती कर परत आणा, असे रस्त्यावर येऊन म्हणण्याचा अधिकार राहील.

त्या शिक्षिकेने पैठणी कपाटातून काढावी. घरकामगार स्त्रियांच्या पुढच्या मेळाव्याला तीच नेसून जावे आणि कोणी विचारले तर खरी किंमत सांगावी. बायका चकित होतील, थट्टा करतील, पदराला हात लावून पाहतील. कोणीतरी विचारील की यात विणणाऱ्याला काय मिळाले. त्याचे उत्तर आज तिच्यापाशी नाही. ते शोधावयाला तिने येवल्याला जावे, आणि जाताना त्यांच्यापैकी दोघी-तिघींना बरोबर घेऊन जावे.